रिटोनावीरचा दोष कामी आला

१९८७ साली अमेरिकेत मंजूर झालेलं झिडोव्हुडीन हे एचआयव्हीवरचं पहिलं औषध. सुरुवातीला ते एकटंच देत, आणि विषाणू काही महिन्यांत त्याला दाद देईनासा व्हायचा. मग दोन औषधं जोडीनं आली, १९९६ पासून तीन. औषधांचं आपसात पटतं का, हा प्रश्न तिथून सुरू झाला.

काही जोड्या मुळातच जमल्या नाहीत. झिडोव्हुडीन आणि स्टॅव्हुडीन पेशीत शिरल्यावर एकाच एन्झाइममुळे कार्यक्षम होतात. झिडोव्हुडीन ते अडवून धरतं आणि स्टॅव्हुडीन नुसतं ताटकळतं. म्हणून ही दोन एकत्र द्यायची नाहीत.

खरी गंमत रिटोनावीर ह्या एचआयव्हीवरच्याच औषधाची. त्याच्या थोडं आधी, १९९५च्या डिसेंबरात, साक्विनावीर हे एचआयव्हीवरचं आणखी एक औषध आलं होतं. गोळीतलं जेमतेम ४ टक्के औषध रक्तात पोचायचं, कारण बरंचसं आतड्यातलं आणि यकृतातलं सीवायपी३ए४ हे एन्झाइम वाटेतच फस्त करी. रिटोनावीर नेमकं हेच एन्झाइम बंद पाडतं. त्याचा स्वतःचा डोस ६०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. मळमळ, जुलाब, ओठांभोवती मुंग्या, लोक कंटाळून जात. पण १०० मिलिग्रॅम दिलं तरी सोबतचं औषध रक्तात टिकतं, हे कळल्यावर त्याचं कामच बदललं. २०००मध्ये लोपिनावीर हे एचआयव्हीचं औषध आणि रिटोनावीर एकाच कॅप्सूलमध्ये आलं. पुढे आलेल्या कोबिसिस्टॅटला तर विषाणूशी काही देणंघेणंच नाही, ते निव्वळ बूस्टर, म्हणजे सोबतच्या औषधाला रक्तात टिकवणारं. कोविडच्या पॅक्सलोव्हिडमध्येही रिटोनावीर ह्याच कामासाठी आहे.

मात्र बंद पडलेलं एन्झाइम इतर औषधांसाठीही बंदच असतं. ॲलर्जीसाठी नाकात मारायच्या फ्लुटिकॅसोन स्प्रेमधलं स्टेरॉइड शरीरात साठत जातं आणि चेहरा गोल सुजतो. मायग्रेनवरच्या अर्गोटामिननं रक्तवाहिन्या आकसून बोटं काळीनिळी पडतात. कोलेस्टेरॉलचं सिमव्हास्टॅटिन तर वर्ज्यच.

टीबीचं रिफाम्पिसिन नेमकं उलटं वागतं: एन्झाइम वाढवतं आणि एचआयव्हीची औषधं धुऊन काढतं. एचआयव्ही आणि टीबी एकाच माणसाला होणं नेहमीचं, त्यामुळे हा पेच सगळ्यांत त्रासाचा. ‘नैसर्गिक’ म्हणून खपणारं सेंट जॉन्स वर्ट हे वनस्पतीचं औषधही त्याच जातीचं. त्यानं इंडिनावीर ह्या एचआयव्हीच्या औषधाची रक्तातली मात्रा निम्म्याहून खाली येते, हे २०००मध्ये दिसलं.

एचआयव्हीवरच्या आजच्या डोल्युटेग्रावीरला बूस्टर लागत नाही. तरी रिफाम्पिसिनसोबत ते ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घ्यावं लागतं. आणि लोह-कॅल्शियमची गोळी उपाशीपोटी त्याच्याबरोबर घेतली तर दोन्ही पोटातच चिकटून बसतात. म्हणून डोल्युटेग्रावीर तिच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर, नाहीतर दोन्ही जेवणाबरोबर.