सिने-तेआत्रु, गोव्यातील

गोव्यातील जुन्या एकपडदा चित्रपटगृहांना उद्देशून वापरली जाणारी संज्ञा. पोर्तुगीज ‘सिने-तेआत्रु’ याचा अर्थ चित्रपट आणि नाट्यप्रयोग या दोहोंची सोय असलेली वास्तू. पणजीचे सिने-तेआत्रु नासियोनाल हे या प्रकारातील ठळक उदाहरण होय.

संज्ञेतील ‘सिने’ या पूर्वपदाच्या दोन व्युत्पत्ती संभवतात. १९३१ मध्ये मुंबईत पहिला भारतीय बोलपट झळकला, त्यानंतर महाराष्ट्रात ‘टॉकीज’ हा शब्द रुळला. गोव्यात मात्र पायलटच्या (मोटारसायकल टॅक्सीचालकाच्या) मागे बसणारा उतारू ‘सिने लता’, ‘सिने विशांत’, ‘सिने अलंकार’ असेच ठिकाण सांगे. सिनेसंगीत, सिनेसृष्टी यांसारख्या हिंदी-मराठी समासांतून हे पूर्वपद आले, असे एक मत मांडता येते. परंतु त्या समासांत ‘सिने’ हे विशेषण आहे, गोव्यात ते चित्रपटगृहाच्या विशेषनामाआधी जातिवाचक म्हणून येते. ही रचना पोर्तुगीज वळणाची दिसते. पोर्तुगालमध्येही ‘सिने-तेआत्रु’ हे पद गावाच्या किंवा संस्थेच्या नावाआधीच लागते. त्यामुळे दुसरी, म्हणजे पोर्तुगीज व्युत्पत्ती अधिक ग्राह्य वाटते. मुक्तीनंतर नावे देशी झाली, तरी पूर्वपद टिकले ते याच सवयीने.

‘एल’कारी नावांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. पणजीचे एल दोरादो, म्हापशाचे एल कॅपितान, वास्कोचे एल मोंते ही नावे सर्रास पोर्तुगीज समजली जातात. पण ‘एल’ हे उपपद स्पॅनिश आहे, पोर्तुगीजमध्ये त्या जागी ‘उ’ येते. कॅप्टनला पोर्तुगीज शब्दही ‘कॅपितांव’ असा सानुनासिक आहे. ‘एल्दोरादो’ हा शब्द एकसंध रूपात पोर्तुगीजनेही स्वीकारला असल्याने त्यापुरता संशयाचा फायदा देता येईल. एल कॅपितानच्या बाबतीत हॉलिवूडमध्ये १९२६ साली उघडलेल्या त्याच नावाच्या नाट्यगृहाकडे बोट दाखवावे लागते. म्हणजे लिस्बनच्या अमलाखाली राहिलेल्या प्रदेशात चित्रपटगृहाचे बारसे करताना नजर कॅलिफोर्नियाकडे असावी. ‘नासियोनाल’ची (म्हणजे ‘राष्ट्रीय’ची) गोष्ट वेगळी. त्यातले राष्ट्र १९ डिसेंबर १९६१ रोजी बदलले, पण पाटी बदलण्याची गरज कोणाला भासली नाही.

प्रेक्षागृहाच्या वरच्या मजल्याला पोर्तुगीजमध्ये ‘बाल्कांव’ म्हणतात. गोव्यातील घरापुढच्या, बसायला बांधीव बाके असलेल्या ओसरीचेही नाव तेच.

प्रक्षेपण ३५ मिलिमीटर फितीवर होई. हजार फुटांचे रीळ सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने सुमारे ११ मिनिटे चाले. त्यामुळे दोन यंत्रे शेजारी ठेवून आलटून-पालटून चालवावी लागत. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर उमटणारा ठिपका ही दुसरे यंत्र सुरू करण्याची खूण. ठिपका हुकला की पडदा पांढरा पडे आणि खालच्या वर्गातून शिट्ट्या येत. हिंदी चित्रपटांचे वर्चस्व कायम राहिले. २४ एप्रिल १९५० रोजी ‘मोगाचो आंवडो’ हा पहिला कोंकणी चित्रपट आला, तरी कोंकणी निर्मिती इतकी तुरळक होती की तिच्यावर चित्रपटगृह चालणे शक्य नव्हते. शुक्रवार हा नव्या चित्रपटाचा दिवस, आणि म्हापशात तोच आठवड्याच्या बाजाराचाही.

ऱ्हासाची कारणे सांगताना व्हिडिओ, केबल आणि बहुपडदा चित्रपटगृहे यांचा उल्लेख नेहमी होतो. तो बरोबर असला तरी अपुरा आहे. या वास्तूंचा ‘तेआत्रु’ हा अर्धा भाग बराच आधी निकामी होऊ लागला होता. चार्ल्स कोरिया यांनी आराखडा केलेली पणजीची कला अकादमी उभी राहिल्यावर तियात्र (गोव्यातील कोंकणी नाट्यप्रकार) व मराठी नाटक यांना सरकारी रंगमंच मिळाला. तियात्र हा शब्द मुळात ‘तेआत्रु’वरूनच आलेला. चित्रपटगृह चित्रपटापुरतेच उरल्यावर दुसरा धक्का सोसण्याची ताकद त्यात राहिली नाही.

तो धक्का २००४ मध्ये बसला. भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव त्या वर्षी गोव्यात आला आणि त्यासाठी पणजीतील जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात चार पडद्यांचे आयनॉक्स उभारले गेले. पुढील दशकात फितीची जागा डिजिटल प्रक्षेपणाने घेतली. नवी यंत्रे घेण्याइतके उत्पन्न नसलेल्या मालकांना भर बाजारातली जमीन पडद्यापेक्षा मोलाची ठरली. २०२० च्या टाळेबंदीत उरलीसुरली चित्रपटगृहेही बंद राहिली.

नासियोनालची इमारत बंद पडून जीर्ण झाली. पणजीतील सम्राट आणि अशोक या जोडगृहांचे नशीब निराळे निघाले. २०२३ च्या महोत्सवात तेथील दोन पडदे अधिकृत स्थळांमध्ये होते. यादीतील नोंद ‘झेड स्क्वेअर सम्राट अशोक’ अशी आहे, त्यात ‘सिने’ नाही.