एसीचा गॅस जातो कुठे?

मार्च उजाडला की एसीच्या सर्व्हिसिंगचे दिवस येतात आणि घरोघरी तेच वाक्य ऐकू येतं, "गॅस कमी झालाय, भरावा लागेल." स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस जळून संपतो, तसा हाही वापरून संपत असणार, असं समजून आपण पैसे देतो. ही समजूत साफ चुकीची आहे.

एसीतला गॅस बंद नळ्यांमधून फिरत राहतो. खोलीतल्या कॉइलमध्ये द्रवाचा वायू होताना तो उष्णता शोषून घेतो. बाहेरच्या युनिटमधला कॉम्प्रेसर त्याला दाबतो, मग त्याचा पुन्हा द्रव होतो आणि ती उष्णता बाहेर पडते. या फेऱ्यांत तो जळत नाही की झिजत नाही. दहा वर्षांनीही तो तेवढाच असायला हवा. कमी झाला असेल तर गळती आहे आणि गेलेला गॅस हवेत गेला आहे.

गेला तर काय बिघडलं? इथूनच या विषयातला माझा सर्वांत आवडता भाग सुरू होतो.

तापलेली पृथ्वी डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर टाकते. तिच्या तापमानाला हे किरण १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास सर्वांत जोरकस असतात. हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन त्यांना अडवत नाहीत. बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड अडवतात, पण तरंगलांबीच्या आपापल्या पट्ट्यांत. कार्बन डायऑक्साइडचा मुख्य पट्टा १५ मायक्रॉनजवळ आहे. साधारण ८ ते १३ मायक्रॉनच्या दरम्यान मात्र बरीचशी वाट मोकळी राहते आणि तिथून उष्णता थेट अंतराळात निघून जाते. शास्त्रज्ञ तिला वातावरणाची खिडकी म्हणतात. आता एसीच्या गॅसच्या रेणूत असलेला कार्बन आणि फ्लोरिन यांच्यातला बंध पाहा. फ्लोरिन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे बंधाच्या एका टोकाला किंचित धन आणि दुसऱ्याला किंचित ऋण प्रभार येतो. असा बंध कंप पावतो तेव्हा अवरक्त किरण फार जोरात शोषतो, आणि त्याच्या कंपनाची तरंगलांबी नेमकी या खिडकीत किंवा तिच्या काठावर पडते. कार्बन डायऑक्साइडच्या पट्ट्याचा मधला भाग आधीच भरून गेलेला असल्यामुळे तिथे नव्या रेणूचा प्रभाव तुलनेने कमी पडतो. खिडकीत तशी गर्दी नाही, म्हणून फ्लोरिनवाला प्रत्येक रेणू पुरेपूर काम करतो.

हे प्रथम दाखवलं हवामानशास्त्रज्ञ वीरभद्रन रामनाथन यांनी, १९७५ साली. त्याआधी तरुणपणी ते सिकंदराबादला फ्रिजच्या कारखान्यात इंजिनिअर होते आणि फ्रिजमधून निसटणारा गॅस कसा थांबवायचा, हेच त्यांचं काम होतं!

१९८७ च्या माँट्रियल करारानंतर ओझोन खाणारे क्लोरिनयुक्त गॅस हळूहळू हटले. त्यांच्या जागी आलेल्या गॅसमध्ये क्लोरिन नाही, पण फ्लोरिनचा बंध तसाच आहे. म्हणून २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीला त्यांच्यावरही मर्यादा ठरल्या. भारताने ते २०२१ मध्ये मान्य केलं. आज नव्या एसीत सर्रास असतो तो आर-३२. त्यावरचं 'इको-फ्रेंडली' हे लेबल ओझोनपुरतं खरं आहे. शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा एक किलो सुमारे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. म्हणजे एका एसीतून पाऊण किलो सुटला तर जवळपास ५०० किलो. सुमारे २२० लिटर पेट्रोल जाळल्यावर निघेल तेवढं. आणि सोलापुरात सुटलेला गॅस वर्षभरात पृथ्वीभर मिसळतो. मोठे देश काय करतात यावर आपण तावातावाने बोलतो, ते बोलायलाच हवं; पण आपल्या बाल्कनीतल्या एसीच्या नळीचा नट आपल्याच हातात आहे.

मेकॅनिकला आधी गळती शोधायला सांगा. सांध्यावर साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे दिसतात, तेलाचा डागही खूण असते. गळती बुजवल्यावर, युनिटच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस भरून घ्या. दर उन्हाळ्याला 'थोडा जास्त' भरल्याने गारवा वाढतो ही निव्वळ दंतकथा आहे. उलट कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि वीजबिल वाढतं. घर बदलताना एसी काढायचा असेल तर 'पंप डाउन' करायला सांगा. एक व्हॉल्व्ह बंद करून एसी काही मिनिटं चालवला की बहुतेक सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा होतो. मग दुसरा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि त्यानंतरच नळी सोडवायची. घाईत हे टाळलं जातं, म्हणून पाना हातात घेण्याआधीच सांगा.