होम थिएटर स्पीकरची घरगुती बांधणी

वूफर (खालचे सूर देणारे युनिट), ट्विटर (वरचे सूर देणारे युनिट), क्रॉसओव्हरचे (दोघांत आवाज वाटून देणाऱ्या पाटीचे) सुटे भाग आणि प्लायवुड आणून होम थिएटरचे स्पीकर स्वतः बांधण्याचा हा उद्योग. ठाणे आणि नवी मुंबईत तो बहुधा फ्लॅटच्या हॉलमध्ये आणि त्याच हॉलसाठी केला जातो: १० बाय १५ फुटांची खोली, एका भिंतीवर टीव्ही, समोरच्या भिंतीला टेकलेला सोफा. ही नोंद अशा खोलीतल्या ५.१ संचाविषयी आहे, म्हणजे पुढचे तीन स्पीकर, बाजूचे दोन आणि एक सबवूफर (फक्त अगदी खालच्या सुरांचा स्पीकर, थोडक्यात सब). नावाजलेले बरेचसे आराखडे स्पीकर भिंतीपासून मीटरभर पुढे उभा राहील असे धरून काढलेले असतात. इथे तेवढी जागा सोडली तर चालायला वाट उरत नाही. पेटी कोणती घ्यायची आणि क्रॉसओव्हर किती छाटायचा, हे दोन्ही या एका अडचणीवरून ठरते.

बंद पेटी की पोर्टची पेटी

अमेरिकी अभियंते राइस आणि केलॉग यांनी फिरत्या कॉइलचा स्पीकर १९२५ मध्ये मांडला. थुरास यांना पोर्टच्या, म्हणजे हवा आत-बाहेर होण्यासाठी नळी असलेल्या, पेटीचे पेटंट १९३२ मध्ये मिळाले, तर विलचर यांनी हवाबंद छोट्या पेटीचा स्पीकर १९५४ मध्ये बाजारात आणला. पेटीचे माप गणिताने काढण्याची सोय मात्र ऑस्ट्रेलियातील थील यांच्या १९६१ च्या निबंधामुळे आणि पुढे १९७० च्या दशकात स्मॉल यांनी केलेल्या विस्तारामुळे झाली. वूफरच्या कागदावर छापलेले एफएस (वूफर स्वतः घुमतो ती वारंवारता), क्यूटीएस (ते घुमणे किती आवरले जाते याचे माप) आणि व्हीएएस (वूफरच्या लवचिकतेएवढी हवा, लिटरमध्ये) हे आकडे त्यातलेच. हे तीन आकडे न देणाऱ्या दुकानदाराकडून वूफर घेऊ नये; 'ओरिजिनल आहे, बेस भारी' एवढ्या माहितीवर पेटी कापता येत नाही.

फ्लॅटसाठी बंद पेटी बरी, याची कारणे दोन. पोर्टच्या पेटीत बेस खालपर्यंत उतरतो, पण भिंतीजवळ ठेवल्यावर भिंत तो आणखी फुगवते आणि संवाद घोगरे होतात. दुसरे कारण रिसीव्हरचे. बहुतेक एव्ही रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटणारे ॲम्प्लिफायर) पुढच्या स्पीकरचा बेस ८० हर्ट्झला १२ डेसिबल प्रति सप्तक, म्हणजे वारंवारता निम्मी झाली की १२ डेसिबल कमी, या उताराने कापतात आणि सबवूफरचा वरचा भाग २४ डेसिबलने. बंद पेटीचा स्वतःचा उतार १२ डेसिबलचा असतो. पेटी ८० हर्ट्झच्या आसपास ३ डेसिबल खाली येत असेल, तर पेटीचे १२ आणि रिसीव्हरचे १२ मिळून २४ होतात आणि सबशी सांधा नेमका जुळतो. पोर्टच्या पेटीत हा हिशेब बसत नाही.

उदाहरण म्हणून एफएस ४५ हर्ट्झ, क्यूटीएस ०.३८ आणि व्हीएएस २० लिटर असलेला साडेसहा इंची वूफर घेऊ. पेटीत बसल्यावर एकूण क्यू ०.७०७ हवा. ०.७०७ ला ०.३८ ने भागून वर्ग केला की ३.४६ येतात, त्यातून १ वजा केला की २.४६. व्हीएएसला या आकड्याने भागले की पेटीचे आकारमान मिळते: ८.१ लिटर. त्याच गुणोत्तराने (१.८६) एफएस वाढतो आणि पेटी ८४ हर्ट्झला ३ डेसिबल खाली जाते, म्हणजे हव्या तिथेच. हेच माप २० लिटर केले तर बेस वाढेल असे वाटते. प्रत्यक्षात क्यू ०.५४ पर्यंत घसरतो, बेस लवकर गळायला लागतो आणि ८० हर्ट्झचा सांधा उसवतो.

माप आणि कटाई

१८ मिमी प्लायची, आतून १६५ मिमी रुंद, २९० मिमी उंच आणि १९० मिमी खोल पेटी ९.१ लिटरची होते. वूफर, आडवी पट्टी आणि क्रॉसओव्हर मिळून साधारण १ लिटर खातात आणि हवे ते ८.१ उरतात. एका पेटीचे तुकडे असे: पुढची-मागची फळी २०१ × ३२६ मिमीच्या दोन, वर-खालची २०१ × १९० च्या दोन, बाजूच्या २९० × १९० च्या दोन. पाच पेट्यांना मिळून सुमारे १.६ चौरस मीटर प्लाय लागतो. आठ बाय चारच्या शीटमध्ये जवळपास ३ चौरस मीटर असतो, तेव्हा एक शीट आरामात पुरते. सबसाठी अर्धी शीट वेगळी धरावी. करवतीचे पाते प्रत्येक कापात ३-४ मिमी खाते, ते कटिंगच्या नकाशात आधीच सोडावे.

एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) गुळगुळीत कापला जातो आणि आवाजाला चांगला असतो, पण खाडीकाठच्या पावसाळ्यात त्याच्या उघड्या कडा पाणी पिऊन फुगतात आणि वूफरच्या स्क्रूची पकड सुटते. आयएस ७१० दर्जाचा मरीन प्लाय किंवा ओलावा सोसणारा एचडीएचएमआर बोर्ड थोडा महाग पडतो, पण चार पावसाळ्यांनंतरही पेटी काटकोनात राहते. एमडीएफच घ्यायचा असेल तर कापलेल्या कडांना पातळ केलेल्या फेविकॉलचे दोन हात द्यावेत आणि मगच रंग किंवा सनमायका.

नाक्यावरचा सुतार सरळ काप चांगले देतो. गोल कापांसाठी वागळे इस्टेटमध्ये किंवा तुर्भे-महापे पट्ट्यात सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या कटाईयंत्रावर) काम करून देणारे वर्कशॉप गाठलेले बरे. ट्विटरची चकती फळीच्या पृष्ठाशी समतल बसली पाहिजे. तिची जाडी व्हर्नियरने मोजून तेवढीच खोल खाच घ्यावी. चकती दोन मिमी वर राहिली की तिच्या कडेवरून आवाज परततो आणि 'स', 'श' टोचायला लागतात. सीएनसीवाल्याला वूफरचा आराखडा नुसता पाठवू नये, वूफरच नेऊन द्यावा. कागदावर १४५ मिमी लिहिलेले भोक प्रत्यक्ष फ्रेमला १४७ लागते, असे हमखास घडते.

जोडणीला फेविकॉल भरपूर लावावा आणि क्लॅम्प २४ तास काढू नयेत. जुलै-ऑगस्टमध्ये ३६ तास ठेवावेत. सांध्यातल्या फटी प्लायचा भुसा आणि फेविकॉल कालवून भरतात, आणि आतल्या चारही कोपऱ्यांतून सिलिकॉनची रेघ ओढतात. आत उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस, एका पेटीला ८० ते १०० ग्रॅम, पिंजून सैल भरावा. ठासून भरलेला कापूस हवेसारखा वागत नाही, लाकडासारखा वागतो.

वूफरसाठी साध्या लाकडी स्क्रूऐवजी टी-नट (लाकडात मागून ठोकून बसवायची नट) आणि बोल्ट वापरावेत, कारण जुळवाजुळवीत तो सात-आठ वेळा तरी बाहेर निघतो. सगळ्यात महाग चूक इथेच होते. बोल्ट पिळताना लोखंडी स्क्रूड्रायव्हर मॅग्नेटकडे ओढला जातो, हातातून निसटतो आणि टोक थेट कोनमधून (वूफरच्या पुढच्या शंकूतून) आरपार जाते. एका हाताची तीन बोटे कोनवर आडवी धरून दुसऱ्या हाताने पिळावे. पत्रा घासण्याचे काम चालू असलेल्या टेबलावर वूफर उघडा ठेवू नये. लोखंडाचा कीस कॉइलच्या फटीत शिरला की तो निघत नाही, वूफर खरखरतच राहतो.

क्रॉसओव्हर

वूफर आणि ट्विटर यांच्यात आवाज वाटून देणारी ही पाटी. लिंकविट्झ यांनी १९७६ मध्ये सुचवलेल्या पद्धतीचा सेकंड ऑर्डरचा (१२ डेसिबल उताराचा) क्रॉसओव्हर नवख्याला सोपा जातो. ८ ओहमचे दोन्ही युनिट आणि २५०० हर्ट्झचा सांधा धरला, तर वूफरला १ मिलिहेन्रीची कॉइल मालिकेत आणि ४ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर समांतर. ट्विटरला ४ मायक्रोफॅरड मालिकेत आणि १ मिलिहेन्री समांतर. बाजारात ३.९ मायक्रोफॅरड मिळतो, तो चालतो. या जोडणीत ट्विटरची प्लस-मायनस टोके उलटी लावावी लागतात. तसे केले नाही तर नेमक्या २५०० ला खड्डा पडतो.

हे आकडे वूफरचा रोध सपाट ८ ओहम धरून येतात आणि तो तसा कधीच नसतो. वरच्या सुरांकडे जाताना वूफरच्या स्वतःच्या कॉइलमुळे चढत जातो. म्हणून वूफरला समांतर ७.५ ओहमचा रोधक आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एकमेकांशी मालिकेत, जोडतात. ६ ओहम डीसी रोध आणि ०.६ मिलिहेन्री कॉइलच्या वूफरला हे माप लागू पडते. ही जोडी वगळली की क्रॉसओव्हर कागदावरच राहतो आणि वूफर ४००० हर्ट्झपर्यंत ओरडत बसतो.

ट्विटर सहसा वूफरपेक्षा मोठ्याने बोलतो. वूफर ८७ आणि ट्विटर ९१ डेसिबलचा असेल तर ट्विटरच्या आधी ३ ओहम मालिकेत आणि मग १५ ओहम समांतर लावल्यावर ४ डेसिबल कमी होतात. रोधक १० वॉटचे, पांढरे सिमेंटचे घ्यावेत. २०१ मिमी रुंद फळीमुळे साधारण ५७० हर्ट्झच्या खाली आवाज मागे पसरून हलका होतो आणि मोकळ्या जागेसाठीचे आराखडे तो ६ डेसिबलपर्यंत भरून काढतात. भिंतीलगतच्या स्पीकरला भिंतच मदत करते. इथे २-३ डेसिबल पुरतात. पूर्ण ६ भरले की बातम्या देणारी निवेदिका मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखी वाटते.

क्रॉसओव्हरची कॉइल हवेच्या गाभ्याची, म्हणजे आत लोखंड नसलेली हवी. जाड तांब्याची तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात किलोवर मिळते. वेढे थोडे जास्त घालून एलसीआर मीटरवर (कॉइल आणि कपॅसिटर मोजणाऱ्या मीटरवर) १ मिलिहेन्री दिसेपर्यंत उलगडत यावे. पाटीवर दोन कॉइल एकमेकींशी काटकोनात आणि वूफरच्या मॅग्नेटपासून लांब बसवतात. सुटे भाग आणि युनिट हाताळून घ्यायचे तर ठाणेकर अजून मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडलाच जातात. वूफर घेताना कडेचे वळे रबराचे आहे का, हे बोटाने दाबून पाहावे. फोमचे वळे दमट हवेत काही वर्षांतच भुगा होऊन गळून पडते.

मधला स्पीकर

चित्रपटातले बहुतांश संवाद मधल्या स्पीकरमधून येतात आणि नेमका तोच टीव्ही युनिटच्या खणात मावावा म्हणून आडवा केला जातो. वूफर-ट्विटर शेजारी आले की सोफ्याच्या टोकाला बसलेल्याला दोघांचे अंतर वेगळे पडते, सांध्याच्या पट्टीत खड्डा पडतो आणि संवाद पातळ होतात. तिन्ही पेट्या एकसारख्या, उभ्या ठेवाव्यात. टीव्ही एक वीत वर सरकवणे सुताराच्या अर्ध्या तासाचे काम आहे. खणातच बसवायचा असेल तर पेटीचा पुढचा चेहरा खणाच्या कडेशी समतल आणावा, आत ढकलू नये.

सबवूफर

इथे पोर्ट चालतो, कारण सबला फक्त खालचेच काम आहे. १० इंची वूफरसाठी आतून ३६ × ४० × ४० सेंमी पेटी घेतली की ५७.६ लिटर होतात; पोर्ट, वूफर आणि आडव्या पट्ट्या वजा जाता ५० लिटर उरतात. आतून १० सेंमी व्यासाचा म्हणजे बाजारातला ११० मिमीचा पीव्हीसी पाइप ३० हर्ट्झला जुळवायला ४५ सेंमी लांब लागतो. तो ४० सेंमी खोल पेटीत सरळ बसत नाही, म्हणून एल्बो देऊन वळवतात आणि लांबी मध्यरेषेवरून मोजतात. आतून ७५ मिमीचा पाइप २४ सेंमीतच जुळतो आणि म्हणून मोह होतो, पण स्फोटाच्या प्रसंगात त्यातून हवा फुसफुसते. वूफरची फळी दुहेरी, ३६ मिमीची करावी. वूफर मात्र पोर्टच्या पेटीला साजेसा, क्यूटीएस ०.४ च्या आतला हवा.

हॉलची लांबी १५ फूट असेल तर ३७ हर्ट्झला, १० फूट रुंदीमुळे ५६ ला आणि ९ फूट उंचीमुळे ६२ ला खोली स्वतः घुमते. सब कुठे ठेवायचा हे शोधण्याची जुनी युक्ती अशी: सबच सोफ्यावर ठेवावा, बेसचे सूर सरकत जाणारी फाइल लावावी आणि भिंतीकडेने रांगत फिरावे; सगळे सूर सारख्या जोराने ऐकू येतील तिथे सबची जागा. शेजारी हलके झोपणारे असतील तर सब सोफ्याला लागून ठेवावा. कानाजवळ असल्याने आवाज खूप कमी ठेवूनही पुरतो. रबरी पायांनी स्लॅबमधून जाणारी थरथर थोडी घटते, हवेतून जाणारा बेस नाही. ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे.

तपासणी आणि जुळणी

१.५ व्होल्टचा सेल क्षणभर वूफरच्या टोकांना टेकवावा. सेलचे प्लस वूफरच्या प्लसला असताना कोन बाहेर आला पाहिजे. गळती शोधायला ३० हर्ट्झचा सूर हळू वाजवून सांध्यांवरून पेटती उदबत्ती फिरवतात. धूर जिथे थरथरतो तिथे फट आहे. बंद पेटीचा कोन तळव्याने हलकेच दाबून सोडला तर तो सावकाश परततो. झटकन परतला तर हवा कुठून तरी निसटते आहे, आणि दहातल्या आठ वेळा ती बायंडिंग पोस्टच्या (मागच्या बाजूला वायर जोडायच्या टोकांच्या) भोकातून निसटते.

पुढचे दोन स्पीकर श्रोत्यापासून मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ३० अंशांवर, बाजूचे ११० अंशांवर, आणि पुढच्यांचे ट्विटर बसलेल्या कानाच्या उंचीला, जमिनीपासून ९५ ते १०० सेंमीवर. बाजूच्या स्पीकरपर्यंत घरच्या वायरिंगची २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर पुरते. ८ मीटरच्या जाण्या-येण्यात तिचा रोध ०.१३ ओहमच्या आसपास भरतो. याहून महाग केबलमुळे पडणारा फरक खिशालाच कळतो. मोजणीसाठी कॅलिब्रेशन फाइल मिळणारा यूएसबी माइक आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर वापरतात. क्रॉसओव्हर तपासायचा तर ट्विटरची टोके मुद्दाम उलटून मोजावे: २५०० जवळ खोल, दोन्ही बाजूंनी सारखा खड्डा दिसला तर सांधा बरोबर आहे, आणि टोके पूर्ववत करावीत. खड्डा उथळ किंवा एका बाजूला कललेला असेल तर ट्विटरचा कपॅसिटर अर्ध्या-अर्ध्या मायक्रोफॅरडने बदलून पुन्हा मोजावे.

सब चालू करताच ५० हर्ट्झची घूं ऐकू आली तर आधी सेट-टॉप बॉक्सची केबल काढून पाहावी. बहुतेकदा केबलवाल्याचे अर्थिंग आणि घराचे अर्थिंग वेगळे असल्यामुळे ती येते. त्यासाठी सबच्या प्लगची अर्थिंगची पिन मोडणारे असतात. त्याने घूं जाते आणि शॉक लागायची सोय होते. केबलच्या वाटेत दोन अर्थिंगचा संबंध तोडणारा आयसोलेटर बसवावा.