विकिपीडियावर कुणाचं पान होतं? पात्रता, कागदपत्रं आणि ड्राफ्ट कसा टाकायचा

"बाबांचं विकिपीडियावर पान करायचंय, फी किती?" हा प्रश्न मला सारखा येतो. फी शून्य. पैसे घेऊन "पान उडणार नाही" अशी गॅरंटी देणारा भेटला तर त्याला एक रुपया देऊ नका, तशी गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही.

पात्रतेला तिकडे उल्लेखनीयता म्हणतात. माणूस किती मोठा, किती चांगला, फॉलोअर्स किती, हे बघतच नाहीत. बघतात एवढंच की ज्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही अशा लोकांनी त्याच्यावर सविस्तर लिहिलंय का, आणि ते भरवशाच्या ठिकाणी छापून आलंय का. आमदार-खासदार पदामुळेच सहसा पात्र धरतात, सरपंच-नगरसेवक तसे धरत नाहीत. सरकारदरबारी नोंद असलेलं गाव छोटं असलं तरी साधारण चालतं.

आता कागदपत्रं, सगळं अडतं ते इथेच. ओळखीतल्या एका शाहिरांचा मुलगा जाडजूड फाईल घेऊन आला होता, सत्काराचे फोटो, मानपत्रं, वाढदिवसाच्या जाहिराती, आणि पेपरातल्या बातम्या ज्यात प्रमुख पाहुण्यांच्या यादीत वडिलांचं नाव सातवं. यातलं काहीच चालत नाही, कारण एकतर ते घरच्यांनी नाहीतर आयोजकांनी दिलेलं, नाहीतर नुसता उल्लेख. पण तळाशी एका जुन्या दिवाळी अंकातली पिवळी पडलेली पाच पानं निघाली, एका अभ्यासकाने त्यांच्या पोवाड्यांवर लिहिलेली. ती पाच पानं अख्ख्या फाईलीपेक्षा भारी! असे निदान दोन-तीन स्रोत हवेत. ते मराठीत असले तरी चालतात, नेटवर नसले तरी चालतात, हे आपल्याकडच्या लोकांना कुणी सांगतच नाही.

इंग्रजी विकिपीडियावर थेट पान बनवायला खातं 4 दिवस जुनं आणि 10 संपादनं, म्हणजे पानांत केलेले बदल, झालेली लागतात. तोवर ड्राफ्ट, म्हणजे पानाचा कच्चा मसुदा, लिहून तपासणीला पाठवायचा, आणि घरच्या माणसावर लिहीत असाल तर तसाही ड्राफ्टच टाका, नातं उघड सांगा. पैसे घेऊन लिहीत असाल तर ते जाहीर करणं सक्तीचं आहे. ड्राफ्ट परत आला तर खचू नका, स्रोत जोडून पुन्हा पाठवता येतो, फक्त 6 महिने हात लावला नाही तर तो काढून टाकला जाऊ शकतो. कॅनडाच्या भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरचा ड्राफ्ट 2018 मध्ये स्रोत पुरेसे नाहीत म्हणून नाकारला होता आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे नकार हा त्या माणसाच्या कामावरचा शेरा नसतो, जोडलेल्या कागदांवरचा असतो.

मराठी विकिपीडिया 2003 पासून आहे, त्याची मंडळी आणि निर्णय वेगळे, त्यामुळे एकीकडे पान आहे म्हणून दुसरीकडे होईलच असं नाही. मराठीवर आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, लिहून बघा, अडलं तर चावडीवर, म्हणजे तिथल्या चर्चेच्या पानावर, विचारा.

आणि लिहायच्या आधी तालुक्याच्या वाचनालयात जा, जुने दिवाळी अंक, गौरवग्रंथ सोडून इतरांनी लिहिलेली पुस्तकं, जिल्ह्याचं गॅझेटियर चाळा, सापडलं की लेखक, अंकाचं नाव, वर्ष आणि पान नंबर तिथल्या तिथे वहीत उतरवून घ्या.