लसीकरणानंतरचा न्यूमोकोकल रोगभार

बाळांना वर्षानुवर्षं पीसीव्ही (न्यूमोकोकस या जंतूविरुद्धची) लस दिली जातेय अशा देशांतही न्यूमोकोकसमुळं न्यूमोनिया, मेंदूज्वर, रक्तातलं इन्फेक्शन, कानाचं इन्फेक्शन होतच राहतं, त्या शिल्लक आजारपणाचा एकूण बोजा म्हणजे हा विषय. लस फेल गेली असा अर्थ यातून काढू नये. आजार बराच कमी झाला, पण जो उरला त्याचे सिरोटाइप, म्हणजे जंतूचे पोटप्रकार, बदलले आणि पेशंटचं वयही बदललं.

जंतू पहिल्यांदा कुणी पाहिला याचं श्रेय साधारण वाटून दिलं जातं. अमेरिकेत डॉक्टर स्टर्नबर्ग यांनी 1880 च्या सप्टेंबरच्या सुमारास स्वतःचीच लाळ सशांना टोचली होती, पण छापून आधी आलं फ्रान्सचे शास्त्रज्ञ पाश्चर यांचं, 1881 च्या सुरुवातीला, आणि स्टर्नबर्ग यांचं त्यानंतर काही महिन्यांनी. बहुतेक ग्रंथ 1881 आणि दोघांची नावं देऊन मोकळे होतात, तेच बरं.

या जंतूभोवती साखरेचं कवच असतं आणि कवचाच्या फरकावरून सिरोटाइप पडतात, आजवर 100 च्या आसपास ओळखले गेलेत. पीसीव्ही लस त्यातल्या मोजक्यांवरच चालते, सगळा घोळ इथूनच सुरू होतो. अमेरिकेत 2000 मध्ये 7 सिरोटाइपची लस आली. 5 वर्षांखालच्या मुलांमध्ये गंभीर आजार, म्हणजे रक्तात किंवा मेंदूच्या पाण्यात जंतू सापडणं, 1998 च्या सुमारास लाखामागं 95 च्या घरात होता, तो पुढच्या दोन दशकांत 10 च्या खाली आला. आजीआजोबांमध्येही आजार घटला, कारण जंतू राहतो लहान मुलांच्या नाकात आणि लसीनं तिथूनच तो हटतो.

पण नाक काही रिकामं राहत नाही. लसीत नसलेला 19ए अमेरिकेत झपाट्यानं वाढला, आणि का वाढला यावर बराच वाद झाला. सरळ उत्तर असं की लसीनं जागा मोकळी केली, 19एफ लसीत होता पण त्याची प्रतिकारशक्ती 19ए ला पुरली नाही (6बी ची मात्र 6ए ला बऱ्यापैकी पुरली), आणि सिरोटाइप 4 च्या काही जंतूंनी कवचाची जनुकं बदलून 19ए चं कवच घेतलं, म्हणजे लसीला सरळ चकवाच. उलट बाजूचे लोक कोरिया आणि इस्रायलकडं बोट दाखवतात, तिथं 19ए ची वाढ लस सर्रास सुरू व्हायच्या आधीच दिसली होती, मग दोष अँटिबायोटिकच्या अतिवापराचा आणि औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंच्या पसरण्याचा. पुराव्यात दोन्हीला जागा आहे. लस जागा रिकामी करते आणि ती कोण बळकावणार हे बऱ्याच अंशी अँटिबायोटिक ठरवतात, हे मत जास्त पटतं. 2010 ला आलेल्या 13 सिरोटाइपच्या लसीत 19ए घातल्यावर तो लवकर खाली आला. सिरोटाइप 3 पण त्याच लसीत होता, तो मात्र फारसा हलला नाही. याचं कवच जाड असतं, प्रयोगशाळेत प्लेटवर वाढवल्यावर त्याच्या वसाहती चिकट-ओलसर दिसतात, आणि तो कवच सुटं करून सोडत राहतो त्यामुळं अँटिबॉडी त्या सुट्या कवचालाच चिकटून वाया जातात, असं समजलं जातं.

इंग्लंडमध्ये 7 ची लस 2006 ला आणि 13 ची 2010 ला आली. 2016-17 पर्यंत एकूण गंभीर आजार लसीआधीच्या तुलनेत साधारण 37 टक्के कमी होता, पण 2013-14 पासून 8, 12एफ आणि 9एन हे तीन लसीबाहेरचे सिरोटाइप वाढत गेले, विशेषतः म्हाताऱ्या माणसांत, आणि 40 टक्क्यांहून जास्त केसेस त्यांच्याच झाल्या. मुलांमध्ये मिळवलेलं सगळं मोठ्यांमध्ये गमावलं असं नाही, पण बरंचसं गमावलं. अमेरिकेतल्या अलास्काच्या मूळनिवासी मुलांमध्ये तर लसीबाहेरचा आजार मुलांमध्येच वाढला. आफ्रिकेतल्या मलावीत 2011 पासून लस आहे तरी लसीतले सिरोटाइप मुलांच्या नाकात टिकून राहिले, जिथं संसर्गाचा जोरच जास्त तिथं असं होतं.

मोजणी हा वेगळा प्रश्न. मूल दवाखान्यात पोचेपर्यंत गल्लीतल्या डॉक्टरनं अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक दिलेलं असतं, मग ब्लड कल्चरमध्ये (रक्तातला जंतू वाढवून बघायची तपासणी) काही उगवत नाही आणि केस नुसता ‘न्यूमोनिया’ म्हणून नोंदली जाते. त्यामुळं मोजलेला आकडा खऱ्याहून कमीच असतो असं धरून चालावं.

भारतात सरकारी कार्यक्रमात लस 2017 ला हिमाचल आणि बिहार-उत्तर प्रदेशच्या काही भागांत आली, देशभर 2021 मध्ये, महाराष्ट्रही त्यातच. डोस दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना आणि नवव्या महिन्यात बूस्टर. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 10 सिरोटाइपच्या न्यूमोसिल लसीला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता 2019 च्या शेवटी मिळाली, तिच्यात 6ए आणि 19ए आहेत, 3 आणि 4 नाहीत. मोठ्यांसाठी सरकारी कार्यक्रमात ही लस नाही, ज्याला हवी तो खासगीत पैसे मोजून घेतो.

अमेरिकेत 2024 ला खास मोठ्यांसाठी 21 सिरोटाइपची लस मंजूर झाली, तिच्यात 8, 9एन, 12एफ घेतले आणि मुलांच्या लसीतले काही सोडून दिले, त्यात 4 पण. नेमका हाच 4 अलास्का आणि पश्चिमेकडच्या काही भागांत मोठ्यांमध्ये, विशेषतः बेघर लोकांत, पुन्हा दिसायला लागलाय, त्यामुळं तो जास्त असलेल्या ठिकाणी 4 असलेली दुसरी लस द्या असा सल्ला आहे.