गाडीच्या एसीचा नॉब कुठे ठेवावा?

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत एसी चालू, पंखा तीनवर आणि तापमानाचा नॉब निळ्या-लालच्या मधोमध असतो. फार गार वाटलं की नॉब मधे आणायचा, म्हणजे एसीवरचा ताण कमी होतो, असा समज आहे. हाताने नॉब फिरवायच्या बहुतेक गाड्यांत तसं होत नाही.

इंजिनाच्या जोरावर चालणारा कॉम्प्रेसर कूलिंग कॉइल थंड करतो. कॉइलवर बर्फ धरू नये म्हणून तिचं तापमान शून्याच्या जरा वर असतानाच तो बंद होतो आणि ती तापली की पुन्हा सुरू होतो. नॉब फिरवल्याने फक्त आतली एक झडप सरकते आणि गार झालेली थोडी हवा हीटरवरून जाते. म्हणजे इंधन जाळून हवा आधी गार करायची आणि मग तीच तापवायची! तुमच्या गाडीचं बघायचं असेल तर इंजिन गरम असताना एसी बंद करा, पंखा चालू ठेवा आणि नॉब लाल टोकाला न्या. गरम हवा आली तर झडप हीटरचीच आहे.

अशा गाडीत उन्हाळाभर नॉब निळ्या टोकाला राहू द्या आणि गारवा पंख्याने कमी-जास्त करा. पंखा कमी केला की कॉइलवरून हवा कमी जाते, कॉम्प्रेसर लवकर बंद होतो. अंगावर झोत नको असेल तर जाळ्या वर वळवा. गार हवा आपोआप खाली उतरते.

ऑटोमॅटिक एसीत मात्र २४ अंशांच्या आसपास लावून ऑटोवर सोडून द्या. तापलेल्या गाडीत तो तसाही पूर्ण जोरात चालतो, १८ वर नेऊन गारवा लवकर येत नाही.

उन्हात उभी गाडी सुरू करताना आधी काचा उघडून गरम हवा जाऊ द्या. मग काचा लावून हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण दाबा. लांबच्या प्रवासात ते अधूनमधून बंद करा, नाहीतर हवा कोंदट होऊन चालकाला सुस्ती येते.

पावसाळ्यात काचेला आतून वाफ धरली तर एसी चालू ठेवूनच नॉब लालकडे न्या, बाहेरची हवा घ्या आणि झोत काचेवर सोडा. एसी हवेतला दमटपणा काढतो, गरम हवा काच सुकवते. इथे हीटर वाया जात नाही. वाफ काचेच्या बाहेरून असेल तर वायपर फिरवा आणि गार झोत काचेवरून हटवा.

मुक्कामाला पोचण्याआधी थोडा वेळ एसी बंद करून नुसता पंखा चालवा. कॉइल सुकते आणि कुबट वास धरत नाही.

हवा कमी येत असेल तर आधी केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, बघा. हवा भरपूर पण कोमट येत असेल तर लगेच एसीचा गॅस भरून घेऊ नका. गॅस वापराने संपत नाही. कमी झाला असेल तर बहुधा कुठेतरी गळती असते, ती आधी शोधून घ्या.