पेशीचक्राचे नियंत्रण आणि कर्करोग

पेशी वाढते, आपल्या डीएनएची दुसरी प्रत तयार करते आणि दुभंगून दोन पेशी होतात. या फेऱ्याला पेशीचक्र म्हणतात. तो कधी सुरू व्हावा आणि कुठे थांबावा हे ठरवणारी यंत्रणा बिघडली की कर्करोगाला वाट मिळते. (मराठी विश्वकोशात ‘कोशिका’ असा शब्द आहे, महाराष्ट्राच्या शालेय पुस्तकांत ‘पेशी’. इंदूरच्या मराठी घरांतल्या, हिंदीत शिकलेल्या मुलांना पहिला शब्द लगेच कळतो. ‘पेशी’ म्हटले की त्यांना कोर्टातली तारीख आठवते. इथे तरी ‘पेशी’च ठेवला आहे.)

चक्राचे टप्पे चार : जी-१, एस, जी-२ आणि एम. एसमध्ये डीएनए दुप्पट होतो, एममध्ये ४६ गुणसूत्रांच्या प्रतींची वाटणी होते. जी-१ आणि जी-२ हे त्या दोहोंआधीचे वाढीचे आणि तयारीचे टप्पे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशीला पूर्ण फेऱ्यासाठी साधारण २४ तास लागतात. त्यातले प्रत्यक्ष विभाजन तासाभराचे. शरीरातल्या बहुतेक पेशी मात्र फेऱ्याबाहेर, जी-० अवस्थेत असतात.

फेरा पुढे ढकलतात ती सीडीके नावाची विकरे (एन्झाइम), पण सायक्लिन हे प्रथिन जोडीला आल्याशिवाय ती कामाला लागत नाहीत. १९८२ मध्ये टिम हंट यांना सागरी अर्चिन या काटेरी समुद्रजीवाच्या अंड्यांत एक प्रथिन दिसले : विभाजनापूर्वी साठत जाणारे आणि विभाजन होताच नाहीसे होणारे. तेच सायक्लिन. लेलँड हार्टवेल आणि पॉल नर्स यांनी यीस्टमध्ये चक्राची जनुके शोधली होती. १९८७ मध्ये नर्स यांच्या गटाने त्यांतल्या एका जनुकाचा मानवी जोडीदार यीस्टमध्ये घातला, तर तोही काम करू लागला. तिघांना २००१ चे नोबेल मिळाले.

कर्करोगाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे आहेत ते अडवणारे. आरबी प्रथिन पेशीला जी-१ च्या शेवटी रोखून धरते. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये लहान मुलांच्या डोळ्यातल्या कर्करोगावरून (रेटिनोब्लास्टोमा, म्हणूनच ‘आरबी’) असे मांडले, की अशा जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या तरच रोग होतो. जन्मतःच एक प्रत बिघडलेली असेल, तर दुसरी जायला फारसा वेळ लागत नाही. १९७९ मध्ये सापडलेले पी५३ हे दुसरे रोधक. डीएनए तुटला की ते चक्र थांबवते, आणि दुरुस्ती जमत नसेल तर पेशीला मरायला लावते. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत पी५३ चे जनुक बिघडलेले आढळते. हत्तीकडे त्याच्या सुमारे २० प्रती असतात. एवढ्या मोठ्या देहाला कर्करोग कमी का, याचे ते एक कारण मानतात.

माळव्यात, म्हणजे इंदूरच्या परिसरात, हा विषय तोंडाच्या कर्करोगापासून दूर ठेवता येत नाही. गालाच्या आतल्या अस्तरातल्या पेशी सतत नव्या होत असतात. तिथेच तासन्‌तास दाबून ठेवलेल्या तंबाखूतली नायट्रोसअमाइन ही कर्करोगकारक रसायने डीएनएला चिकटतात, आणि प्रत काढताना चुका होतात. अशा गाठींत पी५३ बिघडलेले, पी१६ हा रोधक गेलेला आणि सायक्लिन डी१ वाढलेले वारंवार दिसते. नुसती सुपारीही निर्धोक नाही. तिने गाल आतून ताठरतात. इंदूरच्या सराफा बाजारातल्या खाऊगल्लीतली पाणीपुरी अख्खी तोंडात जाईना, उभी तीन बोटे दातांमध्ये मावेनात, तर ती कर्करोगाआधीची खूण असू शकते. मध्य प्रदेशात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, पण पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत घेऊन एकत्र करणाऱ्याला ती कशी अडवणार?

कर्कपेशी इतरांपेक्षा भराभर वाढतात हा समज अर्धवट आहे. अस्थिमज्जेतल्या आणि आतड्याच्या अस्तरातल्या निरोगी पेशी अनेक गाठींहून जलद विभागतात; फरक एवढाच, की त्या थांबतात. विभाजनावर घाव घालणाऱ्या औषधांनी केस गळतात, तोंड येते, ते अशाच जलद विभागणाऱ्या निरोगी पेशी तावडीत सापडल्यामुळे. २०१५ पासून वापरात आलेले पाल्बोसिक्लिब थेट सीडीके ४ आणि ६ यांना रोखते आणि स्तनांच्या काही कर्करोगांत दिले जाते. त्याच्या कितीतरी आधीचे विनक्रिस्टिन आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून आले : ते गुणसूत्रे ओढणारे धागे बनू देत नाही, आणि पेशी एममध्येच अडकून मरते. मात्र टनभर वाळल्या पानांतून ते जेमतेम काही ग्रॅम निघते आणि शिरेतूनच द्यावे लागते, त्यामुळे सकाळी उठून सदाफुलीची पाने चघळण्याचा या औषधाशी काही संबंध नाही.